वैद्य, रोगी आणि न्यायासन

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेस भीमा नदी वाहते. नदीच्या अलीकडे श्रीगोंदें तालुका आणि पलीकडे दौंड. मनमाडहून नगरवरून येणारा लोहमार्ग तेथेंच पुण्याच्या मार्गास मिळतो. या दौंड गांवीं १९५३ सालीं एक गृहस्थ वैद्यकीचा व्यवसाय करीत होते. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा त्या वर्षीं मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत येथें समुद्रकिनारीं असतां, सहा तारखेस सायंकाळच्या सुमारास अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवच्या डॉक्टरांनीं लांकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. आठ तारखेस त्यास मोटारींतून सुमारें दोनशें मैलांचा प्रवास घडवून पुण्यास आणण्यांत आलें, आणि एका नामांकित शल्यविशारदाच्या इस्पितळांत नऊ तारखेस त्यास दाखल केलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी नाहीं. कारण त्या एका दिवसाच्या तासांवरच पंधरा वर्षें वाद चालला. मॉर्फियाचीं इंजेक्शनें एक तासाच्या अंतरानें देण्याचें ठरलें होतें. प्रत्यक्षांत एकच दिलें गेलें. क्षकिरण-चित्रें निघालीं, मुलास शस्त्रक्रियागृहांत नेलें, आणि सायंकाळपर्यंत पाय प्लॅस्टरमध्यें बसवून त्यास बाहेर आणलें. गुंगी लवकरच उतरेल असें आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परत निघाले; आई उशाशीं राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलास श्वास घेणें जड जात आहे हें तिच्या ध्यानांत आलें. धांवाधांव झाली, डॉक्टर आले, उपचार झाले. परंतु रात्रीं नऊ वाजतां मुलगा गेला. मृत्यूच्या दाखल्यांत कारण दिलें तें असें, कीं हाडांतील चरबीचा कण रक्तप्रवाहांत अडकला.

वडील स्वतः वैद्य होते. दाखल्यावरचे शब्द त्यांस वाचतां येत होते, आणि ते त्यांस पटले नाहींत. त्यांनीं दिवाणी दावा लावला. म्हणणें असें, कीं मुलास पूर्ण भूल न देतां, तीन मदतनिसांकडून पाय ओढवून, बळ लावून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या धक्क्यानेंच मुलगा दगावला. प्रतिवादींचें म्हणणें असें, कीं हाड बसविलेंच नाहीं, केवळ हलका ताण देऊन पाय स्थिर केला. खालच्या न्यायालयानें पुरावा पाहून वडिलांचें म्हणणें ग्राह्य धरलें, उच्च न्यायालयानें तें कायम केलें, आणि २ मे १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शल्यविशारदांचें अपील फेटाळलें. नुकसानभरपाई ठरली तीन हजार रुपये. पंधरा वर्षांच्या वकिलांच्या फिया व पुण्यामुंबईच्या खेपा जमेस धरल्या, तर त्या पित्यास द्रव्याचा लोभ होता असें म्हणण्याचें धाडस कोणीही करणार नाहीं.

'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नांवानें हा निकाल आज प्रत्येक वकिलाच्या कपाटांत आहे. त्यांत न्यायालयानें वैद्याचें कर्तव्य तीन ठिकाणीं पाहिलें: रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना, कोणता उपचार करावा हें ठरवितांना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करितांना. या तिन्ही ठिकाणीं वैद्यानें वाजवी कौशल्य व वाजवी दक्षता दाखवावी. पराकोटीचें नैपुण्य त्याच्याकडे कायदा मागत नाहीं, पण अगदीं हीन प्रतीचेंही चालवून घेत नाहीं. 'वाजवी' हा शब्द ऐकण्यास सौम्य आहे. पुढील सारे तंटे त्याच्याच अर्थासाठीं झाले.

दुसरी हकीकत जिल्ह्याच्या उत्तरपूर्वेकडील शहरांतील. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ असून नगरकरांचीं अपिलें तेथेंच जातात. त्या शहरांतील सरकारी रुग्णालयांत १० जुलै १९६३ रोजीं एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. तीन दिवसांनीं संततिप्रतिबंधाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप चढला, पोटांत असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलै रोजीं दुसऱ्या शल्यवैद्यांनीं पोट पुन्हां उघडलें, तों आंत रक्त टिपण्याचें फडकें राहिलेलें सांपडलें. भोंवतीं पू झाला होता. २४ जुलै रोजीं ती बाई मरण पावली. पतीनें व मुलांनीं सरकारवर दावा केला. प्रथम न्यायालयानें छत्तीस हजार रुपये दिले. उच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें छत्तीस हजारांचा निकाल पुन्हां कायम केला. ज्या मुलाच्या जन्मानिमित्त आई रुग्णालयांत गेली, तो एव्हांना बत्तीस वर्षांचा झाला असता.

या निकालांत दोन गोष्टी आहेत. पोटांत फडकें विसरलें गेलें, एवढें सिद्ध झालें म्हणजे हयगय कशी झाली हें रोग्याच्या नातलगांनीं वेगळें सिद्ध करावयास नको. वस्तु स्वतःच बोलते. दुसरी गोष्ट सामान्य जनांच्या अधिक उपयोगाची. रुग्णालय चालविणें हें राज्याच्या सार्वभौम अधिकाराचें काम नव्हे, लोककल्याणाचें काम आहे. सबब त्यांतील नोकराच्या हयगयीबद्दल सरकारनें भरपाई द्यावी. मात्र त्याच निकालांत न्यायालयानें हेंही बजावलें आहे कीं, वैद्यांमध्यें मतभेद असतात, आणि शर्थीनें व काळजीपूर्वक उपचार करूनही रोगी दगावला, तर त्यास दोष देण्याची घाई करूं नये.

वैद्याचें मोजमाप त्यानें अंगीकारलेल्या विद्येवरून होतें, हें तत्त्व इंग्लंडांत १९५७ च्या बोलम खटल्यानें रूढ झालें व भारतीय न्यायालयांनीं तें पत्करलें. त्याची उलट बाजू मुंबईच्या एका खटल्यांत दिसली. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरानें विषमज्वराच्या समजुतीनें एका रोग्यास अॅलोपॅथीचीं औषधें दिलीं आणि रोगी मरण पावला. १० मे १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जी विद्या आपण शिकलों नाहीं तिचे उपचार करणें हीच हयगय, आणि विधवेस तीन लाख रुपये देवविले.

दिवाणी दाव्यास पंधरा किंवा बत्तीस वर्षें लागत असतील, तर सामान्य कुटुंबास न्याय मिळणार कसा? या प्रश्नास थोडें उत्तर १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालानें दिलें. मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं येते, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. जेथें सर्वांस फुकट उपचार होतो तें रुग्णालय या कायद्याबाहेर. परंतु जेथें कांहीं रोगी पैसे देतात व कांहींस फुकट पाहतात, तेथें फुकट उपचार घेणाऱ्या गरिबासही तोच हक्क. धर्मादाय दवाखान्यांची परंपरा असलेल्या जिल्ह्यांत हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागीं २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून आला. त्यांत एक सोय विशेष झाली: तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. पुण्याच्या इस्पितळांत उपचार घेतलेल्या पाथर्डीच्या वा अकोल्याच्या शेतकऱ्यास आतां पुण्यास खेपा घालाव्या लागत नाहींत. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि दुःखांत दोन वर्षें भरकन जातात.

फौजदारी कायद्याची गोष्ट निराळी. ५ ऑगस्ट २००५ रोजीं जेकब मॅथ्यू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, वैद्यास गुन्हेगार ठरविण्यास साधी चूक पुरत नाहीं. हयगय घोर असली पाहिजे. गुन्हा चालविण्यापूर्वीं दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचें, शक्यतों सरकारी सेवेंतील, निष्पक्ष मत घ्यावें, आणि वैद्यास सरसकट अटक करूं नये. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत हयगयीनें मृत्यु घडविल्यास पांच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्याच्या हातून उपचारांत तसें घडल्यास दोन वर्षांपर्यंत.

उपचार आणि इमारत यांतील हयगय एक नव्हे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं नगरच्या जिल्हा रुग्णालयांतील अतिदक्षता विभागास आग लागून कोरोनाचे अकरा रोगी मृत्युमुखीं पडले. त्याच्या जवळजवळ अकरा महिने आधीं, १८ डिसेंबर २०२० रोजीं, राजकोटच्या रुग्णालयांतील आगीनंतर सर्वोच्च न्यायालयानें राज्यांस आज्ञा केली होती: प्रत्येक कोरोना रुग्णालयास अग्निसुरक्षेसाठीं जबाबदार अधिकारी नेमावा, आणि जिल्ह्याच्या समितीनें महिन्यांतून एकदां तरी तपासणी करावी. नगरच्या घटनेनंतर एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांस अटक झाली. त्यांच्या दोषादोषाविषयीं येथें मत देणें उचित नव्हे. परंतु वरील आज्ञेंत जबाबदारी कोणावर ठेविली होती, हें वाचणाऱ्यास दिसतें. आणि ती परिचारिकेवर ठेविलेली नव्हती.

कोणत्याही तंट्यांत पहिली गरज कागदांची. रोग्यानें वा नातलगानें उपचाराचे कागद मागितले तर ते नाकारतां येत नाहींत, असें मुंबई उच्च न्यायालयानें १९९६ सालीं सांगितलें. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं ते बहात्तर तासांत देण्याचें बंधन घातलें. मागणी तोंडीं न करितां लेखी करावी, आणि तिची पोंच घ्यावी.