कच्ची वही, पक्की वही

जुन्या पेढ्यांवर दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या कीर्दीत टिपले जात. तेथे खाडाखोड चाले. पुढे पक्क्या कीर्दीत उतरलेल्या रकमेत चूक आढळली, तर पान फाडावयाचे नाही, उलट नोंद घालावयाची, असा व्यवहार होता. श्रोतेहो, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांपुढेही आज हाच प्रश्न आहे.

मोठी आज्ञावली अनेक हातांनी, वर्षानुवर्षे घडत जाते. कोणी, केव्हा, कशासाठी बदल केला याची नोंद ठेवण्याकरिता लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट ही व्यवस्था निर्माण केली. तिच्यातील प्रत्येक नोंदीस कमिट म्हणतात. काम चालू असताना एका नोंदीत चूक, दुसरीत तिची दुरुस्ती, तिसरीत राहून गेलेले एखादे विरामचिन्ह, असा पसारा होतो. रिबेस या क्रियेने या तिन्हींची मिळून एकच सुबोध नोंद करता येते.

मात्र हे साधे खोडणे नव्हे. प्रत्येक कमिटची खूण तिचा आशय, कर्ता, वेळ आणि मागील कमिटची खूण यांवरून गणिताने ठरते. त्यामुळे मधली एक नोंद बदलली की पुढील सर्वांच्या खुणा बदलतात आणि जुन्या साखळीशेजारी नवी साखळी उभी राहते. तोवर सहकाऱ्यांनी जुन्या साखळीवर आपले काम रचले असेल, तर त्याचा आधारच निखळतो. तेच बदल दोन निराळ्या खुणांनी समोर येतात आणि ते जुळविण्यात श्रम वाया जातात.

सुलभीकरणालाही मर्यादा आहे. दोष कोठे शिरला हे शोधताना गिट नोंदींची रांग दर वेळी निम्मी करीत जाते; हजार नोंदींतून सुमारे दहा चाचण्यांत दोषी नोंद सापडते. ती दहा ओळींची असेल तर दोष हाती येतो. शंभर बदल एकीत कोंबले असतील, तर खरा शोध तेथूनच सुरू होतो.

म्हणून स्वतःपाशी आहे तोवर वही निःसंकोच नीट लावावी. इतरांच्या हाती गेल्यावर मात्र चूक उलट नोंदीनेच फेडावी. गिटमध्ये त्यासाठी रिव्हर्ट ही आज्ञा आहे. तिने चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते, आणि कोणाचा विश्वास ढळत नाही.