वाचल्याशिवाय सही नको

आज पदवी स्वीकारण्यासाठी येथे जमलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

आपणा सर्वांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो आणि त्या कर्तव्यातून लगेच मोकळा होतो. कारण संयोजकांनी मला नेमून दिलेला विषय, म्हणजे प्रोग्रामरने काळाबरोबर राहण्यासाठी कोणती कौशल्ये व कोणती साधने आत्मसात करावीत हा, इतका ऐसपैस आहे की अभिनंदनात वेळ दवडल्यास त्याला हात घालणेच राहून जाईल. मी येथे उभा राहून एक यादी वाचून दाखवावी अशी त्यांची अपेक्षा दिसते. ती यादी मी देईन, पण शेवटी आणि थोडक्यात. कारण अशा याद्या मी उभ्या हयातीत पुष्कळ पाहिल्या, आणि गेल्या वर्षीच्या पंचांगाचे जे होते तेच त्यांचे होतानाही पाहिले. फॉक्सप्रो शिकलात की जन्माची ददात मिटली, असे क्लासवाले एके काळी छातीठोकपणे सांगत असत. ते फॉक्सप्रो 1992 साली मायक्रोसॉफ्टच्या हाती गेले, त्याची शेवटची आवृत्ती 2004 साली निघाली, आणि 2015 च्या जानेवारीत त्याचे उत्तरकार्यही उरकले. फ्लॅशवर ज्यांनी तारुण्य वेचले त्यांची वाट 2020 च्या अखेरीस बंद झाली. यात रडण्यासारखे काही नाही. साधनाचे आयुष्य अल्प असते आणि त्याच्या वापरकर्त्याचे त्याहून पुष्कळ अधिक असते, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे झाले.

मी या धंद्यात शिरलो तो काळच मुळी निरवानिरवीचा होता. परकीय चलनविषयक कायद्याच्या अटी मान्य नसल्यामुळे आयबीएम कंपनीने 1978 साली हिंदुस्थानातून आपले बस्तान हलविले, आणि तिने ठिकठिकाणी मांडून ठेवलेल्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीवर येऊन पडली. ज्याने यंत्र घडविले तो देश सोडून गेलेला आणि बँकेचे, रेल्वेचे, कारखान्याचे काम तर एक दिवसही तहकूब करता येत नाही, अशा पेचात जी माणसे उपयोगी पडली ती जाडजूड तांत्रिक पुस्तके रात्रभर वाचून दुसऱ्याने केलेली जोडणी समजून घेणारी होती. मुंबईतील ज्या संगणक केंद्रात मी उमेदवारी करीत होतो तेथे प्रोग्राम अद्याप छिद्रे पाडलेल्या कार्डांवर दिला जाई. एका कार्डावर ऐंशी रकाने. त्यांपैकी फोरट्रान भाषेतील विधान सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंत लिहावयाचे, आणि उरलेले शेवटचे आठ रकाने यंत्र वाचतच नसे, म्हणून त्यांत कार्डांचे अनुक्रमांक घालण्याचा प्रघात होता, की जेणेकरून गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा.

आमच्या पंचिंग विभागात एक बाई होत्या. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, फोरट्रान त्यांना कोणी शिकविलेली नव्हती, पण कार्ड उजेडासमोर धरून त्यावरची छिद्रे त्या आपण वर्तमानपत्र वाचावे तशा वाचीत. एके दिवशी आमच्यातील एका बड्या प्रोग्रामरसाहेबांचा गठ्ठा त्यांनी बाजूला काढून ठेवला आणि विचारले, "साहेब, बाकी सगळ्यांच्या कार्डांत शेवटच्या आठ घरांत नंबर असतात, तुमच्या या कार्डात तिथे गणिताचा तुकडा आलाय, तसंच ठेवू का?" व्याज काढण्याच्या सूत्रातील शेवटचे पद बहात्तराव्या रकान्याच्या पलीकडे गेले होते. यंत्राने ते पद न वाचताच टाकून दिले असते, आणि उरलेले विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे कोणतीही तक्रार न करता चुकीचे व्याज बिनचूक वेगाने छापले असते. साहेबांनी कार्ड दुरुस्त करून घेतले. आभार मानल्याचे मला स्मरत नाही. त्या बाई निवृत्त होईपर्यंत ऑपरेटर म्हणूनच राहिल्या. आमच्या धंद्याची जातवारी तेव्हापासूनची आहे: नवे उभारील तो सवर्ण, आणि जुने वाचून सांभाळील तो 'मेंटेनन्सवाला'.

ही जातवारी किती पोकळ आहे याचा प्रत्यय 1999 साली सर्व जगाला आला. कोबोल भाषा 1959 मध्ये आखली गेली, तेव्हा साठवणीची जागा इतकी महाग होती की वर्षाचे चार अंक लिहिण्याऐवजी शेवटचे दोनच लिहिण्याची काटकसर सर्वत्र रूढ झाली. आणि शतक संपत आले तेव्हा 00 हे साल 99 च्या आधीचे ठरून सगळे हिशेब उलटणार, ही भीती बँकांच्या व विमा कंपन्यांच्या उरात बसली. आपल्याकडील हजारो मुले त्या कामावर गेली. मीही गेलो. काम वरकरणी यांत्रिक होते, दोनाचे चार करावयाचे. पण 99 हा आकडा कोठे साल म्हणून लिहिला होता आणि कोठे 'मुदत ठरलेली नाही' एवढेच सांगण्यासाठी, हे केवळ शोध-आणि-बदल या हुकुमाने कळत नसे. त्यासाठी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, कदाचित मृत झालेल्या, एखाद्या कारकुनी वृत्तीच्या माणसाचे मन त्याच्या ओळींतून वाचावे लागे. 1 जानेवारी 2000 चा सूर्य निर्विघ्न उगवला, तेव्हा ज्यांच्या वाचनामुळे तो तसा उगवला त्यांच्याविषयी 'एवढा गाजावाजा उगीचच झाला' असे म्हटले गेले, आणि पुढल्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती बरखास्तीची पत्रे पडली. ही कटुता माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही, हे मी लपवीत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येतो. आपला गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण आपले महसुली दप्तर त्याहून फार जुने आहे. येथे मालगुजारी होती, मालगुजारांचे तलाव होते, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज होते. 1956 पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात असल्यामुळे जमिनीच्या हक्कांचे भूमिस्वामी आणि भूमिधारी असे प्रकार होते, जे पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 आल्यावर अनुक्रमे भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2 यांत गेले. वर्ग 2 ची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही, हे येथल्या कोणाही कास्तकाराला ठाऊक आहे. पूर्व विदर्भातील एका तालुक्याच्या सातबाऱ्याचे संगणकीकरण चालू असता मी तेथे सल्लागार म्हणून गेलो होतो. कंपनी दूरच्या शहरातली, मुले हुशार, हातांना वेग. पण जुन्या नोंदीतला 'भूमिधारी' हा शब्द त्यांनी 'भूमिस्वामी'चाच दुसरा पाठ समजून दोन्ही एकाच रकान्यात घातले होते, म्हणजे विक्रीला बंदी असलेल्या जमिनी कळीच्या एका दाबाने मुक्त झाल्या होत्या.

तेथला पटवारी वयस्कर होता. छापील उतारा डावीकडे, हस्तलिखित नमुना उजवीकडे, मध्ये बोट, अशी रुजवात करीत तो ओळीओळीने चालला होता. 'इतर अधिकार' या रकान्यात एका खात्यावर सोसायटीचा बोजा, दोन बहिणींचे हिस्से आणि सर्वांत शेवटी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी जाऊ देण्याची अट अशी लांबलचक नोंद होती. उताऱ्यात बहिणी होत्या, पाणी नव्हते. कारण असे की त्या काळच्या फॉक्सप्रोत मजकुराच्या एका रकान्यात 254 पेक्षा अधिक चिन्हे मावत नसत, आणि देवनागरीचे एकेक जोडाक्षर दोन-दोन तीन-तीन चिन्हे खात असल्यामुळे ती मर्यादा लवकर गाठली जाई; पुढचा मजकूर निमूटपणे गळून पडे. कंपनीच्या मुलाने उत्तर दिले, "सिस्टिमने एरर दिली नाही, सर." बहात्तराव्या रकान्यापलीकडचे ते पद मला तत्क्षणी आठवले. वीस वर्षे लोटली होती, यंत्रे बदलली होती, भाषा बदलल्या होत्या, आणि यंत्राचे मौन तेवढे कायम होते.

त्याच सुमारास फॉन्टचा घोळही होता. मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवून पडद्यावर फक्त देवनागरीचे रूप दाखविणारे फॉन्ट सर्व कचेऱ्यांत चालत. त्यांत 'कार्तिक' हे नाव डोळ्यांना दिसे तसेच साठविले जाई: क, काना, मग वेलांटी, मग त, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, आणि शेवटी क. यंत्राच्या पोटात र नावाचे अक्षरच नसे, केवळ एक आकडी असे. युनिकोडात तेच नाव उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे क, काना, र, हलन्त, त, वेलांटी, क असे लिहिले जाते. तेव्हा जुन्या नोंदी नव्या पद्धतीत आणताना वेलांटी मागे सारावयाची आणि रफार उचलून अक्षराच्या आधी न्यावयाचा, हे न कळलेल्या रूपांतरकाने खातेदारांच्या नावांची जी दशा केली ती पाहून हसावे की रडावे हे कळेना. नाव बिघडले की वारस सिद्ध होत नाही, आणि वारस सिद्ध झाला नाही की फेरफार अडतो.

मी इतका वेळ जुन्या गोष्टी सांगत बसलो, याचे कारण आपल्यासमोर आज जे नवे संकट अथवा नवे भाग्य उभे आहे ते याच जातीचे आहे. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले. तेव्हापासून प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे इतकी सरावली आहेत की आपण दोन वाक्ये सांगावीत आणि त्यांनी दोनशे ओळी द्याव्यात. त्या ओळी चालतात, दिसायला नेटक्या असतात, आणि त्यांत एखादी अट गळली असेल तर यंत्र पूर्वीसारखेच मौन धरते. लिहिण्याचे श्रम संपत आले. वाचण्याचे श्रम मात्र शतपटीने वाढले, आणि ते करणारा माणूस दुर्मिळ झाला. 2024 च्या मार्चमध्ये आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याच्या ध्यानात आले की दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्याने मागोवा घेतला आणि एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्स यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या, एका लहानशा साधनात कोणी दोन वर्षे विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविला असल्याचे उघडकीस आणले. अर्धा सेकंद! त्या बाईंचे उजेडासमोरचे कार्ड आणि पटवाऱ्याचे ते बोट यांच्याच कुळातला हा माणूस.

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या समारंभात बोलून उपयोग नाही, ती येथे बोलतो. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत आपल्या तालुक्यात जी गोंडी कानी पडते, तिची एक लिपी आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली रचली, आणि ती 2017 साली युनिकोडात समाविष्ट झाली. गुंजाला गोंडी ही दुसरी लिपी पुढल्याच वर्षी आली. घरे मिळाली, वस्ती अजून व्हावयाची आहे. ज्या भाषेचा लिखित मजकूर थोडा, त्या भाषेत ही नवी यंत्रे मोठ्या आत्मविश्वासाने काहीबाही लिहितात, आणि ते काहीबाही आहे हे ओळखणारा वाचक मोठ्या शहरातल्या कंपनीत बसलेला नसतो. तो या सभागृहात आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलतात त्यांच्याजवळ असे भांडवल आहे की जे कोणत्याही प्रमाणपत्रवाल्या क्लासात विकत मिळत नाही.

यादीचे वचन दिले होते, ते पुरे करतो. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर हात बसवा. एसक्यूएल शिका, तिचा पाया 1970 चा आहे आणि तो खचलेला नाही. गिट शिका, पण कोणी काय बदलले यापेक्षा का बदलले हे त्यात लिहिण्याची सवय लावा. पायथनसारखी एक भाषा पक्की करा, दुसरी आपोआप येईल. अक्षर यंत्रात कसे साठते, जाळ्यावरून निरोप कसा जातो, हे एकदा मुळापासून समजून घ्या. चाचणी लिहा. कृत्रिम बुद्धीची साधने अवश्य वापरा; त्यांना नाक मुरडणारा मागे पडेल. एखाद्या जाहिरातीत काल जन्मलेल्या साधनाचा पाच वर्षांचा अनुभव मागितलेला दिसला तर खचू नका. ती जाहिरातही न वाचताच काढलेली असते.

यांतले निम्मे तुम्ही माझ्या वयाचे होण्याआधी कालबाह्य होईल. एकच गोष्ट होणार नाही, म्हणून तीच पुन्हा सांगून खाली बसतो. उद्यापासून कोणाची जमीन, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचे औषध तुमच्या हातांखालून जाईल, आणि 'हे बरोबर आहे' या अर्थाची सही तुमची असेल. यंत्राने लिहिलेले असो, वरिष्ठाने दिलेले असो, पूर्वसूरींनी मागे ठेवलेले असो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जे कळले नाही ते विचारा, त्यासाठी ऑपरेटरला, पटवाऱ्याला, शेतकऱ्याला विचारावे लागले तरी लाजू नका. आणि वाचून होईपर्यंत, कोणी कितीही घाई केली तरी, सही करू नका.