नव्या पिकअपची रेस आणि भरलेला माल



मोरिवली, अंबरनाथ, बदलापूर भागातून पहाटे भाजी घेऊन कल्याणच्या बाजार समितीत जायचे, म्हणून काहींनी नवी डिझेल पिकअप घेतली आहे. तक्रार एकच येते: "साहेब, रेस दिली तरी गाडी लगेच उचलत नाही."

गाडी बिघडली, असे लगेच समजू नका. जुन्या गाडीत पॅडलची तार सरळ इंजिनच्या पंपाला जोडलेली असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला. आताच्या गाडीत पॅडल नुसता इशारा देते. डिझेल किती सोडायचे ते गाडीतला संगणक ठरवतो. धूर होऊ नये म्हणून तो बेताने सोडतो. शिवाय टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. इंजिन हळू फिरत असले, की त्याला जोर यायला क्षणभर लागतो.

मग काय करावे?

१) चढण लागण्याआधीच गिअर खाली घ्या.
२) क्लचवर पाय ठेवून रेस देऊ नका, प्लेट जळते.
३) एअर फिल्टर पाहत जा. धूळ, कोंडा बसला की इंजिन गुदमरते.
४) नोंदणी पुस्तकातल्या वजनापेक्षा जास्त माल भरू नका.
५) इंजिनचा दिवा लागून ताकद एकाएकी गेली, तर गाडी वर्कशॉपला दाखवा.

आणि एक लक्षात ठेवा. रिकाम्या गाडीचा अंदाज भरल्या गाडीला लावून ओव्हरटेक करू नका. भाजीला भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल, माणूस घरी परत आला पाहिजे.