कॅप निघाली, पण सिमेंट कुठे राहिलं?

आजचा भाग एका कॅपपासून सुरू करतो, आणि ती कॅप मीच बसवली होती.

एक काकू आल्या, पर्समधून कागदाची पुडी काढली. "डॉक्टर, पोळी खाताना निघाली हो. वर्षसुद्धा झालं नाही." पुडीत दाढेची झिर्कोनियाची कॅप. कुठे चीर नाही, टवका नाही.

अशा वेळी मी आधी कॅप उलटी करून बघतो. सिमेंट कॅपच्या आत असेल, तर ते दातापासून सुटलंय. सिमेंट दातावर आणि कॅप आतून लख्ख, तर सिरॅमिकशी त्याचं जमलंच नाही. काकूंची कॅप आतून धुतल्यासारखी स्वच्छ होती. म्हणजे दोष पोळीचा नव्हता, दाताचाही नव्हता. माझा होता.

आता "सिरॅमिक" हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात दोन वेगळी घराणी आहेत. लिथियम डायसिलिकेटसारख्या सिरॅमिकमध्ये काच असते. हायड्रोफ्लोरिक आम्ल (साधारण ५ टक्के, २० सेकंद) ती काच थोडी खाऊन टाकतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. मग सायलेन लावायचं. त्याचं एक टोक काचेतल्या सिलिकाला धरतं, दुसरं रेझिन सिमेंटला. छान जमतं हे. फक्त सायलेनची बाटली जुनी नको. गढूळ दिसली की टाकून द्या, महाग असली तरी.

झिर्कोनियात काचच नाही. तिथे आम्ल खाणार काय? म्हणून त्यावर कमी दाबानं अॅल्युमिनाची बारीक पूड मारायची, साधारण ५० मायक्रॉनची, आणि मग एमडीपी असलेला प्रायमर. एमडीपीच्या रेणूचं फॉस्फेटचं टोक झिर्कोनियाला चिकटतं.

आता टिकण्याचं बघू. पहिल्या दिवशी जवळपास काहीही घट्ट बसतं हो! खरी परीक्षा पाण्याची. तोंड कायम ओलं, वर गरम चहा, मागून थंड पाणी. सिमेंट हळूहळू पाणी शोषतं आणि ते पाणी रासायनिक बंध तोडत जातं. म्हणून प्रयोगशाळेत नमुने महिनोन्महिने पाण्यात ठेवतात आणि ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात हजारो वेळा आलटून पालटून बुडवतात. १९९८ मध्ये केर्न आणि वेगनर या संशोधकांनी झिर्कोनियाचे नमुने असे १५० दिवस ठेवले. नुसती पूड मारून साधं रेझिन लावलेले नमुने सुरुवातीला चिकटले होते, पण पुढे कोणी न ओढताच सुटले. फॉस्फेट मोनोमर असलेलं रेझिन वापरलेले टिकले. त्यामुळे कंपनीचा माणूस २४ तासांचा आकडा दाखवायला लागला, की मी विचारतो, "आणि पाण्यात राहिल्यावर?"

मग माझं काय चुकलं? पूड मारलेली होती, प्रायमर एमडीपीचाच होता. पण मधे मी कॅप दातावर बसते का ते बघितलं, आणि तिला लाळ लागली. ती साफ करायला मी सवयीनं फॉस्फोरिक आम्ल लावलं. इनॅमलवर आपण रोज तेच लावतो ना, १९५५ मध्ये बुओनोकोरेनं दाखवून दिल्यापासून. झिर्कोनियावर मात्र त्या आम्लातलं फॉस्फेट आधीच जाऊन बसतं. लाळेतलंही बसतं. एमडीपी येतो तेव्हा जागा भरलेली! एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं.

उंच खुंट असता तर कदाचित हे लपूनही गेलं असतं, कारण तिथे कॅप आकारानंच धरून राहते. साधं ग्लास आयोनोमरही चालतं. काकूंचा खुंट बुटका होता. सगळी भिस्त चिकटण्यावर.

काकूंना मी सरळ सांगितलं की चूक माझी आहे, पैसे नाहीत. कॅप आतून पुन्हा पूड मारून साफ केली, दात कोरडा राखला, प्रायमर लावला आणि बसवली. या वेळी दातावर बसवून बघणं आधी, पूड मारणं नंतर. आता आमच्या दवाखान्यात हाच क्रम आहे.

जाता जाता काकू म्हणाल्या, "मुलगा म्हणत होता, फेव्हिक्विकनं चिकटवून टाकू." नाही हो, कृपा करून नाही. कॅप निघाली तर डबीत ठेवा, आतून खरवडू नका, आणि तशीच घेऊन या. आतलं सिमेंट मला बघायचं असतं.