रोवणीच्या दिवसांत बाळाचं फळ



मृग लागला. कुणाचे पऱ्हे टाकून झाले असतील, कुणाचं राहिलं असेल. पाणी नीट पडलं तर थोड्याच दिवसांत बांध्यांमध्ये चिखलणी होईल आणि आपण सगळ्या कंबर वाकवून रोवणीला लागू. त्याआधी मला तुमच्याशी घरातल्या लहान लेकराविषयी बोलायचं आहे. बाळाला सहा महिने झाले की त्याला फळाचा गर कसा द्यायचा, हा आजचा विषय. शहरात याला प्युरी म्हणतात. आपण गरच म्हणू.

मी गेली अठरा वर्षं अंगणवाडीत आहे. बाळाचा वरचा आहार कसा सुरू करायचा हे मी किती आयांना सांगितलं असेल, त्याचा हिशोब नाही. तरी आज जे सांगणार आहे ते मी माझ्याच घरात चुकून शिकले. म्हणून आधी ती चूक सांगते.

माझी लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. नातू सात महिन्यांचा. रोवणीचे दिवस होते आणि घरच्या बांधीत माणूस कमी पडत होतं, म्हणून लेकही रोवायला जायची. एका सकाळी तिनं परसातली पिकली पपई कुस्करली, थोडी बाळाला भरवली आणि उरलेली स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली. डबा मातीच्या माठाजवळ गार जागी ठेवला होता. दुपारी एकच्या सुमारास मी अंगणवाडीतून आले. बाळ रडत होतं. मी डबा उघडून वास घेतला, वास चांगला होता. रंगही तसाच होता. मी हात धुतले आणि सगळा गर त्याला भरवला. त्यानंही आवडीनं खाल्ला.

संध्याकाळी जुलाब सुरू झाले. रात्रीपर्यंत बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना. मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस, सगळं चमच्याचमच्यानं देत होतो, पण ते ओकून टाकत होतं. पहाटे गाडी करून दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काल सकाळपासून बाळानं काय काय खाल्लं?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. दुसऱ्या बायांना शिकवणारी बाई मी, आणि तो डबा मीच उघडला होता.

बाळ बरं झालं. आता ते शाळेत जातं. पण त्या दिवसापासून मी फळाविषयी बोलताना आधी पाककृती सांगत नाही. आधी हे सांगते की फळ कापलं, कुस्करलं की त्याची साल जाते आणि सालीसोबत त्याचं राखणही जातं. पावसाळ्यातली उष्ण, दमट हवा आणि गोड, ओला गर मिळाला की जंतू भराभर वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दर वेळी वासही येत नाही. म्हणून बाळाचा गर केल्याबरोबर भरवावा. फार तर दोन तासांच्या आत संपवावा. त्यानंतर उरला तर आपण खावा, बाळासाठी ठेवू नये. ज्या वाटीत बाळाचा उष्टा चमचा गेला, त्या वाटीतलं तर लगेचच संपवावं किंवा टाकावं. लागेल तेवढाच गर वेगळ्या वाटीत काढला की वायाही जात नाही.

मग रोवणीला जाणाऱ्या आईनं काय करावं? उत्तर सोपं आहे. गर करून ठेवू नका, अख्खं फळ ठेवा. केळ्याची साल हाच त्याचा डबा आहे. चिकू, पिकला आंबा, लहानशी पपई, सगळं धुऊन, पुसून, अख्खं ठेवून जा. घरी राहणाऱ्या आजीला दाखवून ठेवा की बाळाच्या वेळेला हात साबणानं धुवायचे, फळ कापायचं, चमच्यानं कुस्करायचं आणि तिथंच भरवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पपई मोठी असेल तर कापलेला उरलेला भाग घरातल्या बाकीच्या माणसांनी खावा.

आता सुरुवात कधी आणि कशी करायची ते बघू.

बाळाला पहिले सहा महिने, म्हणजे 180 दिवस, फक्त आईचं दूध. पाणी नाही, घुटी नाही, फळाचा रसही नाही. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करा आणि वरचा आहार सुरू करा. आईचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवा. पहिल्या दिवसांत दोन-तीन चमचे पुरतात. मग हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत एका वेळेला अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा. इथं वाटी म्हणजे 250 मिलीची, आपली घरातली वाटी बहुधा त्याहून लहान असते, हे ध्यानात ठेवा.

हे प्रमाण सगळ्या जेवणाचं आहे, नुसत्या फळाचं नाही. इथं बऱ्याच घरांत गफलत होते. फळ गोड असतं, बाळ तोंड उघडून खातं, म्हणून आपण सकाळी पपई, दुपारी केळं, संध्याकाळी पुन्हा पपई देतो. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. पपईत दहातले जवळपास नऊ भाग पाणीच असतं. त्या पाण्यानंच पोट भरलं तर वरण-भाताला जागा कुठं राहणार? शिवाय पोटात असताना बाळाला आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि फळांत लोह फारसं नसतं. मग बाळ खाताना दिसतं, पण अंगणवाडीच्या काट्यावर वजन हलत नाही. आई म्हणते, "ताई, खातं तर चांगलं!" खातं हे खरं, पण काय खातं ते विचारावं लागतं.

म्हणून फळ हे जेवण समजू नका, जेवणाच्या जोडीचं समजा. मऊ भातात मूग किंवा तुरीचं घट्ट वरण, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, बारीक केलेली पालेभाजी, घरात चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून, तलावातल्या मासोळीचा काटा न् काटा काढून मऊ केलेला तुकडा. हे खाऊन झालं की वरून दोन-चार चमचे फळाचा गर. पेरू, संत्रं, पपई, आंबा यांत क जीवनसत्त्व असतं आणि ते वरण-भाजीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. म्हणजे फळ जेवणासोबत दिलं तर दोघांचाही फायदा होतो. सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली. तेही चुकवू नका.

आता आपल्या भागातल्या फळांचा गर कसा करायचा ते एकेक सांगते.

केळं: पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या. काट्या-चमच्यानं किंवा स्वच्छ धुतलेल्या हातानं कुस्करा. घट्ट वाटलं तर आईचंच थोडं दूध मिसळा. केळ्यानं सर्दी होते असं आजी म्हणतात. सर्दी होते ती जंतूंमुळे, केळ्यानं नाही. पण आजीशी भांडू नका. दुपारच्या उन्हात एक चमचा देऊन बघू म्हणा. आजी स्वतःच्या हातानं भरवेल तर तिचीही भीती जाते.

पपई: आतून केशरी झालेलीच घ्या. कच्ची, चीक असलेली नको. बिया आणि आतले पांढरे दोरे काढून गर कुस्करा. डोळ्यांसाठी लागणारं अ जीवनसत्त्व शरीर या केशरी रंगापासूनच तयार करतं. थोडं तेल-तूप जेवणात असलं तर ते चांगलं मुरतं. आपलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, तोही असाच वाफवून कुस्करून देता येतो.

आंबा: देठाजवळचा चीक धुऊन काढा, अर्धा तास पाण्यात ठेवा. गावरान आंब्याचा रस चाळणीतून गाळा, म्हणजे रेषा राहणार नाहीत. साखर नको, दूध नको.

पेरू, म्हणजे आपला जांब: हा हिवाळ्यात येतो. पिकला पेरू चार फोडी करून थोड्या पाण्यात झाकून मऊ शिजवा आणि चाळणीवर चमच्यानं घासा. बिया वर राहतात, गर खाली येतो.

सीताफळ: दसरा-दिवाळीच्या सुमारास येतं. एकही बी बाळाच्या तोंडात जाता कामा नये. घाईच्या दिवशी सीताफळ देऊच नका. निवांत बसून, गर चाळणीवर घासून, बी न् बी बाजूला काढूनच द्या.

शिंगाडा हे खरं तर फळांच्या टोपलीतलं नाही, पण आपल्या मामा तलावांचं देणं आहे. ताजा शिंगाडा उकडून, सोलून, पाट्यावर मऊ वाटून त्यात थोडी पपई मिसळली तर छान घट्ट गर होतो.

सफरचंद नसेल तर नसू द्या. बाजारातून महाग फळ आणलं म्हणजेच बाळाला ताकद येते असं काही नाही. परसात एक पपईचं झाड आणि एक केळीचा कंद असला तरी पुष्कळ झालं.

नवं फळ एका वेळी एकच सुरू करा. दोन-तीन दिवस बघा, पुरळ-उलटी नाही ना, मग दुसरं. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ घालू नका. मध तर अजिबात नको, अगदी जिभेला चाटवायलाही नको. त्यातल्या एका जंतूमुळे वर्षाखालच्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. गर बाटलीत भरून देऊ नका, वाटी-चमच्यानंच द्या. चमचा तिरपा केला तर गर ओघळून जाऊ नये, इतका घट्ट असावा. आणि कायम मिक्सरमध्ये गुळगुळीत करत बसू नका. आठव्या महिन्यापासून थोडे गठ्ठे राहू द्या, नवव्या महिन्यात पिकल्या केळ्याचा, पपईचा मऊ तुकडा हातात द्या. चावायला शिकायचं वयच ते आहे. बोर, जांभूळ, द्राक्ष मात्र अख्खं कधीच देऊ नका. घशात अडकतं.

दुकानात आता बाळासाठी तयार फळगराच्या पिशव्या मिळतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या दूधपावडरची, बाटलीची आणि तयार खाऊची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा कुणी गोड बोलून पुडा हातात ठेवला तर एवढं आठवा. चहात बुडवलेलं बिस्किट तर त्याहून वाईट. पाच रुपयांत पोट भरल्यासारखं वाटतं, अंगात काही जात नाही.

आणि इतकं करूनही जुलाब झालेच तर? आईचं दूध बंद करू नका. ओआरएसचा पुडा उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण घाला, चमच्याचमच्यानं पाजा, 24 तासांनी उरलेलं फेका. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायच्या. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, दूध ओढत नाही, सगळं ओकून टाकतं, शौचात रक्त दिसलं, तर रात्र सरायची वाट बघू नका. मी पहाटेपर्यंत थांबले होते. तेवढं थांबायला नको होतं.

शेवटची गोष्ट मला बचत गटांना सांगायची आहे. रोवणीचा रोज बुडवणं कुणालाच परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या गटात अंगावर दूध पाजणाऱ्या किती बाया आहेत ते या महिन्याच्या बैठकीत मोजा. दोन असतील, तीन असतील. दुपारच्या सुट्टीत त्यांना घरी जाऊन बाळाला पाजून यायला अर्धा तास जास्त मिळावा, आणि तेवढ्या वेळात त्यांची पात बाकीच्यांनी सांभाळावी, एवढं ठरवता येईल का? जवळच्या घरी दोन आज्या मिळून तीन लेकरं सांभाळू शकतील का? ठरलं तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं आपण पाळतो, कर्जाचा हप्ता पाळतो तसं.

धान सगळ्यांनी मिळून रोवलं तरच वेळेवर रोवलं जातं. लेकराचंही तसंच आहे.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर आजीला विचारा, "माय, उद्या बाळाला कोणतं फळ ठेवू?" आणि ते अख्खं ठेवा.