जमिनीलगतचा आंधळा पट्टा



इथे रोहा-अष्टमीला, कुंडलिका नदीच्या काठावर, ध्रुवप्रदेशातल्या ढगांचा विषय काढणे काहींना आडवळणाचे वाटेल. पण त्यातला प्रश्न आपल्या, विज्ञानलेखकांच्या, लेखणीचाच आहे. उपकरणाला जे दिसले नाही ते मुळात नाहीच, असे आपण किती सहज लिहून जातो! 2006 साली अवकाशात गेलेल्या ‘क्लाउडसॅट’ उपग्रहाने 94 गिगाहर्ट्‌झच्या रडारने ढगांचा उभा छेद दाखवला. काम मोठेच होते, यात वाद नाही. मात्र त्या रडारचा एकेक स्पंद सुमारे अर्धा किलोमीटर जाडीचा. त्याचे टोक जमिनीला किंवा बर्फाला टेकले की तिथला प्रतिध्वनी इतका जबर येतो, की जवळच्या ढगाचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. म्हणून पृष्ठभागापासून साधारण एक किलोमीटरपर्यंतच्या नोंदींवर भिस्त ठेवता येत नाही; हाच तो आंधळा पट्टा. आणि ध्रुवप्रदेशातले कितीतरी ढग नेमके याच थरात असतात. शून्याखालीही न गोठलेले बारीक थेंब त्यांत असतात, आणि थेंबाचा व्यास निम्मा झाला की प्रतिध्वनी चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. त्यात 2011 मध्ये बॅटरी बिघडली आणि हे रडार पुढे फक्त उजेडाच्या बाजूला चालवावे लागले. दीर्घ ध्रुवीय रात्रीत जमिनीची उष्णता अडवून धरणारे ढग नोंदींतून गळाले ते असे.

यावर कोणी म्हणेल, रडारची उणीव लेसरने भरून निघते. काही अंशी निघते. ‘कॅलिप्सो’ उपग्रहावरच्या लायडरला, म्हणजे लेसर-रडारला, ढगाचा माथा छान दिसे, पण दाट पाणीदार ढगात त्याचा किरण थोड्याच अंतरावर विझतो, आणि तळाशी काय चालले आहे ते कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मे 2024 मध्ये गेलेल्या ‘अर्थकेअर’ उपग्रहाचे रडार जास्त संवेदनशील आहे, आंधळा पट्टाही त्याने बराच खाली आणला आहे. खरे आहे, पण पट्टा आक्रसला, संपला नाही. एक किलोमीटरवर दिसलेला हिमवर्षाव तसाच जमिनीवर पोचतो, हे गृहीतही धोक्याचे. खालची हवा कोरडी असेल तर हिम वाटेतच विरते. ओलसर असेल तर उलट वाढते. म्हणून उत्तर ध्रुवप्रदेशातल्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंडसारख्या ठिकाणी जमिनीवरून वर पाहणारी लहान रडारे लागतात. भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र तिथेच 2008 पासून आहे, आणि त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो.

आता सह्याद्रीकडे वळू; हीच अडचण इथेही आहे. पाऊस मोजणाऱ्या ‘जीपीएम’ उपग्रहाचे किरण बाजूला तिरके पडतात, तसा त्याचा आंधळा पट्टा उंच होत जातो. डोंगराळ भागात तो दोन किलोमीटरच्या आसपास जातो. घाटाला टेकून चढणारे, बर्फकणांशिवाय बरसणारे बुटके ढग त्यात हरवतात, आणि उपग्रहाच्या अंदाजात घाटमाथ्याचा पाऊस कमी भरतो. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरला ढगांचीच प्रयोगशाळा थाटली, कारण तिथे ढग दारात येतो. जमिनीवरचे रडारही निर्दोष नाही. मुंबईत कुलाब्याला असलेल्या रडारपासून अष्टमी हवाई अंतराने साठेक किलोमीटर. किरण अर्धा अंश वर धरला तर त्या कलामुळे आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे इथे पोचेपर्यंत तो जमिनीपासून जवळजवळ पाऊण किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय बरसते ते त्याला कसे दिसणार?

मग पर्जन्यमापक पुरे की, असे म्हणणारेही भेटतील. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका मापकावर विसंबणाऱ्याने त्या दिवशी कोणत्या मुंबईची बातमी दिली असती? मापकाला खालचे कळते पण शेजारचे कळत नाही. उपग्रहाला सगळा मुलूख दिसतो, तळ तेवढा दिसत नाही. संगणकी प्रारूपे ही पोकळी भरतात खरी, पण जिथे पडताळायला नोंदच नाही तिथे त्यांचे उत्तर हा अनुमानाचाच भाग. पुराच्या आणि दरडींच्या रायगड जिल्ह्यात या अनुमानावर माणसांचे स्थलांतर ठरायचे असते, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा माझी विनंती दोनच गोष्टींची. उपग्रहाचा नकाशा छापताना तो जमिनीपासून किती उंचीच्या वर भरवशाचा आहे, हे त्याच्याखाली एका ओळीत लिहा. आणि रोहा-पेणच्या शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठची नोंद जाहीर करावी; येत्या पावसाळ्यापासूनच.