सहा पट्ट्या कमी पडल्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला घरदुरुस्तीच्या हिशोबावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. कारण उघड आहे. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला आणि पुढं थोड्याच दिवसांत आपली घरं उभी राहिली. आता पंचवीस वर्षांत फरश्या हलल्या, काही पोकळ वाजतात, सांध्यांत काळं धरलं. यंदा चार-पाच घरांत नव्या फरशीचं घाटत आहे. बँकेत असताना मी शेकडो लोकांची एस्टिमेटं तपासली, म्हणून मला बोलावलं असावं. पण मी आज माझं स्वतःचं चुकलेलं एस्टिमेट सांगणार आहे.

गेल्या साली आमच्या सौ. ओल्या फरशीवरून घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यातून घरी येण्याआधी त्यांची खोली नीट करायची, असं आम्ही बापलेकांनी ठरवलं. मुलानं विनाइलच्या पट्ट्या सुचवल्या. दिसायला लाकूड, असते प्लास्टिकची. वरून खरखरीत असल्यानं पाय सहसा सरकत नाही. खाचेत खाच अडकवून जुन्या फरशीवरच बसते, तोडफोड नाही.

खोली १२ फूट बाय १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. पट्टी ४८ इंच लांब, ७ इंच रुंद. एका पेटीत दहा पट्ट्या, म्हणजे २३.३३ चौरस फूट. भागाकार केला, उत्तर आलं ५.१४. आता शून्य पूर्णांक चौदासाठी अख्खी पेटी कशाला घ्यायची? पाच पेट्यांत साधारण सव्वातीन फूट कमी पडतात, तेवढी जागा पलंगाखाली उघडी राहिली तर कोणाला दिसते, असा विचार करून मी अकोल्याहून पाचच पेट्या मागवल्या. स्वतःच्या काटकसरीवर खूशही झालो.

मिस्त्री आला आणि त्यानं मला विचारलं, "साहेब, ओळी मोजल्या का?" मी फक्त क्षेत्रफळ मोजलं होतं. खोलीची रुंदी १२० इंच. ७ इंचाच्या १७ ओळी लावल्या तर ११९ इंच होतात आणि शेवटी एक इंचाची चिंधी उरते. ती धड कापता येत नाही, टिकतही नाही. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ चार-चार इंचाची, मध्ये १६ ओळी पूर्ण. झाल्या १८ ओळी. प्रत्येक ओळीत तीन पट्ट्या, म्हणजे ५४. चार इंच कापून उरलेला तीन इंचाचा तुकडा दुसऱ्या बाजूला चालत नाही, तो वायाच जातो. माझ्याकडे होत्या ५०. त्यातल्या दोन चौकटीभोवती कापताना बिघडल्या. ४८ पट्ट्यांत १६ ओळी झाल्या आणि काम थांबलं.

काम खिडकीकडून सुरू झालं होतं. त्यामुळे उघडी जागा पलंगाखाली नाही, दारात राहिली. अकरा इंच, तीही जिथं पाऊल पडतं तिथंच. बँकेत हे मी किती वेळा पाहिलं होतं! कर्ज अपुरं मंजूर झालं की पाया कधी राहत नाही, छप्पर राहतं. तूट आपण म्हणू तिथं पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सौ. घरी आल्या. दारात वॉकरचा पाय पट्टीच्या कडेला अडला. कड अवघी पाच मिलिमीटरची. मुलानं धरलं म्हणून निभावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जन्मभर बँकेत हिशोब केला, अन् घरात काऊन कमी पडला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समृद्धीचा इंटरचेंज आपल्या शेलूबाजारला आहे, तरी एका पेटीसाठी कोणी गाडी पाठवत नाही. सहावी पेटी यायला नऊ दिवस लागले. तोवर सौ. बैठकीच्या खोलीत झोपल्या. पेटी आली ती दुसऱ्या बॅचची. नाव तेच, नंबर तोच, पण रंग एक छटा उजळ. दारातल्या दोन ओळी आजही वेगळ्या दिसतात.

म्हणून माझं सांगणं थोडं आहे. खोली तीन ठिकाणी मोजा, कारण आपल्या भिंती गुण्यात नाहीत. मोठं माप धरा. आधी कागदावर ओळी आखा, मग पट्ट्या मोजा. कापाकापीसाठी शंभराला दहा जादा धरा, आणि पेट्या नेहमी पुढच्या पूर्ण आकड्यात घ्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर एक आहे का, ते गाडीवरून उतरवतानाच बघा. उरलेल्या पट्ट्या बिलासह जपून ठेवा, पुढं एखादी खराब झाली तर त्याच कामी येतात.

पट्ट्यांखेरीजचा मालही त्याच यादीत लिहा. पट्टी उष्णतेनं वाढते, म्हणून भिंतीपाशी सात-आठ मिलिमीटर फट सोडतात आणि ती स्कर्टिंगनं झाकतात. आमच्या खोलीचा घेर ४४ फूट, दाराचे ३ वजा केले की ४१. आठ फुटी स्कर्टिंग पाच आणून भागत नाही, सहा लागतात. दाराच्या उंबऱ्याची पट्टी वेगळी.

आणि ओल. आपली जमीन काळी, तळमजल्याला पावसाळ्यात ओल चढते. माल मागवण्याआधी दोन फुटी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन-तीन दिवस ठेवा. खाली थेंब दिसले तर आधी ओलीचा बंदोबस्त करा, पट्ट्यांचं नंतर बघा.

आता सौ. काठी न घेता चालतात. परवा मी त्यांना म्हटलं, त्या दोन ओळी बदलून टाकू. तर म्हणाल्या, "राहू द्या. रात्री उठलं की उजळ पट्टी दिसते, दार कुठं आहे ते समजते."

माझी चूक त्यांनी अशी जमेला धरली. तुमच्याकडे मात्र सहावी पेटी पहिल्याच खेपेला येऊ द्या. कोणाला ओळी आखायच्या असतील तर टेप घेऊन माझ्याकडे या. मी संध्याकाळी घरीच असतो.